मागचा बाक

कुठल्याही मोटारीत बसण्याआधी मामंजी बाकावरून तळहात फिरवायचे आणि तो उजेडात धरून बघायचे. हाताला रंग लागला की मान हलवायचे. तळेगावच्या एका शेटच्या उतारू नेणाऱ्या तीन सर्व्हिस मोटारी होत्या, त्या रंगवायचं काम त्यांच्याकडे. लोक त्यांना पेंटरआबा म्हणत. "मानूस पाटी वाचून चढतो, पन बसतो बाकावर," असं म्हणत ते आधी बाक रंगवायला घ्यायचे.

मी त्यांची सून. सुदुंबऱ्याच्या घरात आम्ही दोघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, आणि लढाई चालू असल्यानं आमचे हे पलटणीत. मामंजींशी मी कधी चार शब्द सलग बोलले नाही. दाराआडून "वाढलंय" म्हणायची, तेवढंच.

एका चैत्रात ते मला माहेरी, वलवणला पोचवायला निघाले. तळेगावपर्यंत मोटार, पुढे आगगाडी. शेटच्या दोन नव्या मोटारी लोणावळ्याला हवा खायला येणाऱ्यांसाठी होत्या, आमच्या वाटेवर सगळ्यांत जुनी. मी मागच्या बाकावर बायकांत बसले. तिथे बायका होत्या म्हणून मामंजींनी त्या बाकाला हात लावून पाहिला नव्हता.

तळेगावला उतरले तर मागून हसणं ऐकू आलं. "आगं बाई, हिला भानच न्हाई!" एकजण म्हणाली. बाकाचा जुना तांबडा रंग घामानं सुटून माझ्या पिवळ्या लुगड्याला नको तिथे लागला होता. त्या मोटारीखालीच शिरावं असं मला झालं.

मामंजींनी लुगड्याकडे पाहिलं नाही. खांद्यावरचं उपरणं काढून माझ्यापुढे धरलं.

"ऊन लय हाये, पोरी. डोक्यावरनं घे, मागं खाली सोड."

मग स्टेशनाऐवजी ते थेट शेटच्या शेडकडे गेले. मी दाराशी उभी राहिले.

"शेट, जुन्या गाडीला रंग द्यायचाय."

"पेंटर, दिवाळीला ती मोडीत जायची," शेट हसले. "लढाईत रंग मिळतोय कुठे? नटवून तिचं लग्न लावायचंय का?"

"भायेरनं ऱ्हाऊ द्या. आतनं द्या. गाडी मोडीत निघालीय, बसनारी मानसं न्हाईत."

"खेड्यातल्या लोकांची तक्रार नसते रे."

"म्हनून मी करतोय."

शेटचं हसू गेलं. "माझ्या रंगाच्या डब्याला हात लावलास, तर पुन्हा इथे दिसायचं नाही."

मामंजी माझ्याकडे वळले. "चल पोरी, गाडी चुकंल."

पंधरा दिवसांनी भाऊ मला परत घेऊन आला. मोटारीत चढले तर मागचा बाक अर्धा हिरवा, अर्धा पिवळा. दोन नव्या मोटारींच्या रंगाच्या डब्यांत तळाशी राहिलेला रंग खरवडून कुणीतरी लावला होता. घरी पोचले तर भर दुपारी मामंजी ओट्यावर बसलेले. शेटच्या शेडकडे ते पुन्हा गेले नाहीत. पुढे ते गावातल्या बैलगाड्या न् दारं रंगवत राहिले.

श्रावणात त्यांना खोकला जडला. भाद्रपदात उभं राहवेना, म्हणून मी त्यांना तळेगावच्या दवाखान्यात न्यायला निघाले. मोटार तीच. पुरुषांनी पुढे जागा केली. "नगं," ते म्हणाले, "मी मागं बसतो, सुनंपाशी."

सवयीनं त्यांनी बाकावरून तळहात फिरवला, उजेडात धरला. हात स्वच्छ होता. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी हळूच विचारलं,

"आता डाग न्हाई ना पडत, पोरी?"

त्या दिवसाचं नाव त्यांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काढलं. मी खाली बघून नकारार्थी मान हलवली. ते शेतांकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "पडतो व्हय?" समोरच्या बाकावर माणसं होती, पदर डोक्यावर होता. मी पुन्हा मानच हलवली.

तिसऱ्या दिवशी मामंजी गेले. दिवाळीला मोटारही मोडीत निघाली.

न्हाई पडत, मामंजी. एवढंच तर म्हणायचं होतं.