चोवीस किलो

जनावरांच्या दवाखान्यातल्या काचेमागे ती बावीस वर्षं बसत होती आणि इतक्या वर्षांत तिच्यापुढे कुणाची डाळ शिजली नव्हती. लोक तिला शिक्काबाई म्हणत. पाठीमागे, अर्थात, तोंडावर म्हणायची छाती कुणाची? जनावर आणा, काट्यावर चढवा, डॉक्टरांना दाखवा, तपासणीची फी भरा, मग गोळ्यांची चिठ्ठी. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. रडा, ओरडा, बाई ढिम्म हलायची नाही. ओरडणारे तर तिला मनापासून आवडायचे, त्यांना नाही म्हणणं सोपं.

डॉक्टरांचा तिच्यावर भारी विश्वास. ती चिठ्ठ्या लिहून न्यायची, ते दुपारी जेवता जेवता सह्या ठोकायचे. वाचायच्या कशाला? बाईने लिहिलंय म्हणजे जनावर तपासलेलं असणारच.

घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. त्याच्या कुत्र्याला फिट यायच्या. एके दिवशी तो एकटाच कार्ड घेऊन आला.

"तारीख उलटली, काका. कुत्रा आणा."

"कसा आणू, ताई? टॅक्सीवाले घेत नाहीत, गाडीत मुततो तो. चालवावं तर कोपऱ्यापर्यंतही येत नाही. सकाळची गोळी शेवटची होती."

"नियम आहे."

म्हाताऱ्याने हुज्जत घातली नाही. कार्डाची घडी केली आणि गुडघे दुखत होते म्हणून बाकावर जाऊन बसला. तिथेच चुकलं त्याचं. ओरडला असता तर कुत्रा वाचला असता.

पंधरा मिनिटं ती त्याच्याकडे बघत राहिली आणि कधी नव्हे ती विरघळली. नवी चिठ्ठी घेतली. 'तपासला. प्रकृती ठीक.' वजनाच्या रकान्यात जुन्या कार्डावरून उतरवलं, चोवीस किलो. गोळ्यांचं प्रमाण वजनावरच ठरतं, तेही तिने तक्त्यात पाहून बरोबर लिहिलं. डॉक्टरांनी घास गिळत सही केली. फी तिने फक्त चिठ्ठीची घेतली, तपासणीची माफ. त्या दिवशी ती घरी इतकी खुशीत गेली की नवऱ्याला वाटलं, पगार वाढला.

तीन आठवड्यांनी म्हातारा पुन्हा आला. बरोबर एक बाई होती.

"गेला हो तो, ताई. पण तुमच्यामुळे सुखाने गेला. एकही फिट नाही. गोळी घेतली की नुसता पडून. शेवटी तर पाण्यालाही उठत नव्हता."

"वजन किती होतं त्याचं?" मेलेल्या कुत्र्याचं वजन कुणी विचारतं का? तिने विचारलं.

"कसलं वजन! या सहा महिन्यांत पार वाळला होता. जाळायचे पैसे वजनावर घेतात ना, तिथे तोलला. अकरा भरला."

तक्ता तिला तोंडपाठ होता. अकरा किलोला निम्म्याहूनही कमी गोळी. हे त्याला सांगायला हवं होतं. खरं सांगायचं तर ती भ्याली. नोकरीला भ्याली, डॉक्टरांना भ्याली, आणि समोरचा माणूस 'सुखाने' म्हणाला त्या शब्दाला तर सगळ्यात जास्त.

"ही माझी शेजारीण," म्हातारा उत्साहाने सांगत होता. "हिच्या मांजरीच्या कार्डाची तारीख उलटलीय. मी म्हटलं, चल, आमच्या ताई देवमाणूस आहेत."

शेजारणीने काचेखालून कार्ड सरकवलं. शिक्काबाईने ते परत ढकललं.

"मांजर आणा. आधी वजन होईल."

"अहो ताई, माझ्यासाठी केलंत ना?"

"मी कुणासाठी काही केलेलं नाही. पुढचे कोण आहेत?"

"हीच का तुमची देवमाणूस?" शेजारीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

म्हातारा ओशाळला. आपण चारचौघांत मागितलं म्हणून ताई दुखावल्या, असंच त्याला वाटलं.

"चुकलं, ताई. हिला आणायला नको होतं मी." त्याने काचेपुढे हात जोडले. "माफ करा."

"असू दे, काका," ती म्हणाली.