रिकोटाच्या पेढ्यांचा हक्क

न्यू जर्सीत रिकोटा चीजचे पेढे मी शोधून काढले. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. तेव्हा इथे खवा मिळायचा नाही आणि पेढ्यांशिवाय गणपती मला गोड लागत नव्हता. इटालियन लोकांचं ते चीज दुधाची पावडर नि साखर घालून परतलं, वेलदोडा घातला आणि पिस्कॅटवेतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीपुढे ठेवलं. लोक तुटून पडले! कृती विचारली की मी म्हणायची, "अगं, काही नाही, सगळं अंदाजाने." आपल्याकडे एवढं म्हटलं की समोरचीने ओळखायचं असतं, ही सांगणार नाही.

मंडळाच्या अध्यक्षांच्या बायकोने मात्र ओळखलं नाही. पाणी प्यायचं निमित्त करून एकदा तिने माझा फ्रिज उघडला, रिकोटाचे डबे पाहिले, आणि पुढच्या हळदीकुंकवाला तेच पेढे! वर माझ्यादेखत सांगते, "माझीच आयडिया." तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन इंजिनियर नवऱ्याला म्हटलं, "अहो, मला पेटंट काढून द्या." त्यांच्या नावावर एक होतं. हक्क कंपनीचा, भिंतीवरची लाकडी पाटी आमची.

"आता नाही मिळायचं," ते म्हणाले. "लोकांना खायला घालून वर्ष उलटलं की हक्क जातो."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"मी पेढे खात होतो."

त्या वर्षी अमेरिकेच्या घटनेला दोनशे वर्षं झाली होती आणि लेकीच्या शाळेत दुसरा विषय नव्हता. ती ओरडली, "आई, इट्स इन द कॉन्स्टिट्यूशन!" लेखकांना नि संशोधकांना आपल्या कामावर हक्क मिळतो, पण ठरावीक काळापुरता, आणि तोही ज्ञान नि उपयोगी कला पुढे जाव्यात म्हणून. पेटंट हवं तर कृती जगाला सांगायची. "यू नेव्हर टोल्ड एनीबडी!"

ठरावीक काळापुरता म्हणे! घटना लिहायला एक जरी बाई बसली असती ना, तर हे कलम असं झालं नसतं.

पण पोरीचं म्हणणं डोक्यातून जाईना. गप्प बसले तर नाव त्या बयेचं होणार, सांगितलं तर पेढे सगळ्यांचे. शेवटी गणपतीत आरती झाल्यावर मी माइक घेतला, "हे पेढे मी शोधले" असं ठणकावलं आणि प्रमाणासकट कृती सांगितली. टाळ्या पडल्या. अध्यक्षीणबाई पर्समध्ये पेन शोधत होत्या.

पुढच्या वर्षी प्रसादाच्या टेबलावर जो डबा उघडावा त्यात पेढे. भारतातून नुकतीच आलेली एक मुलगी तिचा डबा घेऊन माझ्यापुढे आली. "घ्या ना काकू. रिकोटाचे आहेत. सोप्पे असतात, तुम्हालाही जमतील."

"कोणी शिकवले?" मी दात आवळून विचारलं.

"काय माहीत. इथे सगळेच करतात ना?"

मी पेढा तोंडात टाकला. माझ्या पेढ्यापेक्षा मऊ झाला होता मेला. रडू यायचंच बाकी होतं. पण राहवेना, म्हणून विचारलं, "काय केलंस गं यात?"

तिने लगेच सांगितलं. परतायचं नाहीच, थोडं लोणी घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं. मी नीट ऐकून घेतलं आणि दुसरा पेढा उचलला.