कोजागिरीला नॉर्दर्न लाइट्स बघायला जाऊ नये

भाची शिकायला स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला निघाली आहे. खोली मिळाली, जाड कोट घेऊन झाला. आता तिला नॉर्दर्न लाइट्स बघायच्यात आणि त्याच्या टिप्स माझ्याकडून हव्यात. मी तिथे शिकलो होतो. घरात मी या विषयातला तज्ज्ञ समजला जातो. हा समज मीच पसरवला आहे.

टिप्स सोप्या आहेत. शहराच्या दिव्यांपासून लांब जायचं. उत्तरेला आकाश मोकळं हवं. मोज्यांचे दोन जोड घालायचे. आणि पौर्णिमेला घरात बसायचं.

ही शेवटची टिप मला मास्टर्सच्या वर्षी कुणी दिली नव्हती. दोन हजारच्या दशकाची सुरुवात होती. बायको नुकतीच पुण्याहून आली होती, तिला पाचवा महिना लागला होता. डिपार्टमेंटमध्ये कुणीतरी म्हणालं, आज रात्री उत्तरेला हिरवं दिसण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी कोजागिरी. एकाच फेरीत दोन्ही उरकतील, असं मी ठरवलं. चंद्राच्या उजेडात बाकीचं आकाश फिकं पडतं, हे इंजिनिअर माणसाच्या डोक्यात आलं नाही.

माझा फ्लॅटमेट नागपूरचा. जुनी गाडी त्याची, दूध आटवायचं पातेलं आमचं, कॅम्पिंगचा स्टोव्ह उसना. किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्रात एक खडकाळ टेकाड होतं. ओहोटीला वाळूवरून चालत जाता यायचं. तिथे रस्त्याचे दिवे पोचत नव्हते. संध्याकाळी बूटसुद्धा न भिजवता आम्ही तिघं पलीकडे गेलो.

वाऱ्यात दूध काही आटेना. मी ढवळत होतो. मसाला घातला, केशर घातलं, तरी ते चहाच्या दुधासारखंच. आटल्याशिवाय नैवेद्य कसा दाखवायचा, म्हणून आम्ही थांबलो. मधेच फ्लॅटमेट म्हणाला, "पाणी जवळ येऊन राहिलं बे." नागपूरच्या माणसाने मला समुद्राबद्दल सांगावं? माझं बालपण रत्नागिरीत, भाट्याच्या किनाऱ्यावर गेलेलं. मी त्याला दूध उतू जाणार नाही तेवढं बघायला सांगितलं.

मग बसायला कोरडी जागा मिळावी म्हणून बायकोने खडकाच्या माथ्यावर टॉर्च मारला. माथ्यावर कालवांसारखी बारीक कवचं चिकटलेली होती. ती कवचं म्हणजे काय, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही कळतं. जिथे ती लागतात तिथपर्यंत भरती येते. आणि पौर्णिमेला नुसती भरती नसते, उधाण असतं. माझ्या हातातला डाव थांबला.

मागे वळून पाहिलं. आलो ती वाळू दिसत नव्हती. तिच्या जागी चंद्र पडलेलं पाणी होतं, फार सुंदर. फोनला रेंज नव्हती. थांबावं, तर खडक बुडणार. निघावं, तर पाणी किती खोल ते माहीत नाही, बायकोला पोहता येत नाही आणि पोटात मूल.

"मी पुढे जातो, वहिनी, मी जिथे पाय ठेवीन तिथेच ठेवा," फ्लॅटमेट म्हणाला. पातेलं त्याने डोक्यावर घेतलं. नैवेद्याचं दूध टाकायचं नाही, एवढंच तो म्हणाला, आणि त्या वेळी आम्हा दोघांनाही ते बरोबर वाटलं.

पाणी आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. थंडी इतकी, की पाय आपले आहेत की नाहीत ते कळेना. बायकोचा हात मी मनगटापाशी धरला होता. मांड्यांपर्यंत आलं तेव्हा ओढ जाणवायला लागली. वाळू टाचांखालून सरकत होती. बायको एकदा अडखळली. त्यानंतर मी तिच्या आणि माझ्या पायांखेरीज कुठेही बघितलं नाही. पाणी तिच्या पोटाला लागू नये, एवढंच मनात होतं.

"अरे, वर बघ," ती म्हणाली.

"खाली बघ," मी म्हणालो.

"अरे, पण हिरवं..."

"पाय टाक. बोलू नकोस."

पाणी तिच्या कोटाच्या खालच्या बटणाला लागलं आणि तिथून उतरायला लागलं. गाडीशी पोचलो तेव्हा मी तिला आत बसवलं, हीटर लावला, तिचे मोजे एका हाताने ओढून काढले आणि त्याच हाताने पाय चोळत बसलो. बऱ्याच वेळाने तिने माझा तो हात पोटावर ठेवला. आतून एक बारीक ढुशी आली.

तेव्हा कुठे मी मान वर केली. आकाशात फक्त चंद्र होता.

फ्लॅटमेटला विचारलं, तू तरी पाहिलंस का. डोक्यावर पातेलं असताना मान वर कशी करणार, असं त्याचं म्हणणं पडलं.

"कसं होतं गं?" मी बायकोला विचारलं.

तिने थोडा विचार केला. "पडदा हलावा तसं. तुला सांगून नाही कळणार," ती म्हणाली. "आधी तू माझा हात सोड. मनगट दुखतंय."