शेवटी बांधलेली दोन अक्षरं

समजा, तुम्हाला एका शब्दाचा अर्थ शोधायचाय. शब्द शीख धर्मग्रंथातला आहे. ग्रंथ काही शतकांपूर्वीचा, त्यात एक नाही, अनेक बोली. त्यामुळे आजची पंजाबी येत असली तरी तेवढ्यानं भागत नाही. तुम्ही ग्रंथालयात जाता. संदर्भ विभागात ओळीओळीचा अर्थ सांगणाऱ्या एका टीकेचे आठ खंड आहेत, दुसरीचे चार. पहिली टीका एक अर्थ सांगते, दुसरी वेगळाच. आता तिसरा साक्षीदार हवा, म्हणजे शब्दकोश. तुम्ही कोशाच्या जागी हात घालता, तर फळीवर चार बोटं रुंदीची रिकामी फट.

खळमामा त्या फटीसमोर उभे होते, आणि तिथं कोणतं पुस्तक होतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. कारण ते त्यांनीच बांधलं होतं.

खळमामा हे काही खरं नाव नव्हे. याच ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं पुस्तकं बांधली. मैद्याची खळ शिजवायची, दोऱ्याला मेण लावायचं, फाटक्या पानांच्या कडा पातळ कागदानं सांधायच्या, पुस्तक रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवायचं. बोटांना सतत खळ लागलेली, म्हणून हे नाव पडलं, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते सुटलं नाही.

मामांची मुलगी शीख घरात दिलेली. तिचे सासरे, म्हणजे मामांचे व्याही, गिअरबॉक्स दुरुस्त करायचे. रोज सकाळी धर्मग्रंथातला पाठ म्हणण्याचा त्यांचा साठ वर्षांचा नेम होता. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. वाचण्यावाचून काही अडलं नाही, सगळं तोंडपाठ होतं. पण एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "व्याहीबुवा, गंमत बघा. साठ वर्षं म्हणतोय, पण गॅरेज उघडायच्या घाईत. चाल लक्षात राहिली, अर्थ मागेच राहिला. आता वेळ आहे, तर डोळे नाहीत."

"माझे आहेत की," मामा म्हणाले होते.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मामा ग्रंथालयात बसायचे. संदर्भाची पुस्तकं घरी नेता येत नसत. दोन्ही टीका देवनागरीत होत्या. मामा त्या दिवसाच्या ओळींचा अर्थ वहीत उतरवून घ्यायचे आणि व्याह्यांना वाचून दाखवायचे. काम बरं चाललं होतं. 'हुकम' या शब्दाशी मात्र गाडी अडली. एक टीकाकार म्हणत होता, हुकम म्हणजे आज्ञा. दुसरा म्हणत होता, आज्ञा नव्हे, सगळी सृष्टी ज्यानं चालते तो नियम.

"दोघांत मोठा फरक आहे," व्याही म्हणाले. "मालकानं सांगितलं म्हणून चाक फिरतं, की दाते जुळले म्हणून फिरतं? जा, कोश बघून या."

म्हणून मामा त्या फटीसमोर उभे होते. ते तडक ग्रंथपाल मॅडमच्या टेबलाशी गेले. मॅडम मुलीच्या वयाच्या, कामाला चोख.

"तो कोश ना? तो बाद यादीत आहे, मामा. अपूर्ण प्रत. मंगळवारी रद्दीचा टेम्पो येणार."

"अपूर्ण? माझ्या हातचा आहे तो!"

कोपऱ्यातल्या टेबलावर पुस्तकांची चळत होती. मामांनी मधून तो जाडजूड खंड ओढला. निळं कापड, कण्यावर सरळ रेघेत अक्षरं, कोपरे अजून टोकदार. बावीस वर्षांपूर्वी हा कोश त्यांच्याकडे आला तेव्हा पाणी लागून पार विस्कटलेला होता. सगळी पानं सुटी, आणि पानांचे आकडे असलेल्या खालच्या कडा कुजून गेलेल्या. शब्द गुरुमुखी लिपीतले, पण नशिबानं प्रत्येक अक्षर नव्या पानावर सुरू होत होतं आणि प्रत्येक शब्दापुढे बारीक देवनागरीत उच्चार आणि अर्थ छापलेले होते. मामांनी तीन आठवडे बसून पानं लावली. निवृत्तीच्या समारंभात अध्यक्षांनी हाच खंड हातात धरून सगळ्यांना दाखवला होता.

आत तीन चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, वेगवेगळ्या हातांच्या. तिन्हींचा मतलब साधारण एकच: स आणि ह ही अक्षरं नाहीत.

मामांनी मागून पुस्तक उघडलं. शेवटच्या शंभर पानांत स आणि ह जिथल्या तिथे होते. "बघा मॅडम! आहे की नाही? लोकांना शेवटपर्यंत पानं उलटायचा कंटाळा, आणि नाव माझं बद्दू!"

मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं. "आहे खरं. पण यादीवर समितीची सही झालीय. प्रत पूर्ण आहे, आणि आधी अपूर्ण का ठरली, एवढं लिहून द्या. सोमवारपर्यंत दिलंत तर थांबवते."

"आत्ता देतो. वाचकांचा निष्काळजीपणा, दुसरं काय!"

"सोमवारी द्या. नीट विचार करून."

मामा 'हुकम'खालचा मजकूर उतरवून घेऊन व्याह्यांकडे गेले. कोशात दोन्ही अर्थ होते, ओळींच्या दाखल्यांसकट. व्याह्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि बराच वेळ मान हलवत बसले. मग मामांनी चिठ्ठ्यांचा किस्सा रंगवून सांगितला. "आणि ह कुठे होता? शेवटी! जिथे असायचा तिथेच!"

व्याह्यांची मान हलायची थांबली. "शेवटी? ह शेवटी कसा असेल?"

"मग कुठे असतो?"

व्याह्यांनी लहानपणी घोकलेलं बोटांवर मोजून म्हणून दाखवलं. "ऊडा, ऐडा, ईडी, सस्सा, हाहा. मग कक्का, खख्खा. आमच्यात स चौथा, ह पाचवा. क च्या आधी."

मामांनी तेच आपल्या बोटांवर मोजून पाहिलं.

"अहो, म्हणजे तुम्ही चौथा आणि पाचवा गिअर काढून रिव्हर्सच्या मागे बसवलात!" व्याह्यांना हसू आवरेना. आतून मुलगी काय झालं म्हणून बघायला आली. "तुझ्या बाबांनी आमची वर्णमाला दुरुस्त केली, बेटा!"

मामांचं हसू ऐकू येत नाही हे व्याह्यांच्या लक्षात आलं असावं. ते जरा खालच्या सुरात म्हणाले, "आपल्याला तर सापडतंय ना? राहू द्या तसंच."

मामांनाही ते सुचलं नव्हतं असं नाही. वाचकांचा निष्काळजीपणा असं लिहिलं असतं तर कोश वाचलाच असता, आणि निळ्या कापडाची इज्जतही. पण मग चौथी चिठ्ठी आली असती. तीन माणसांनी योग्य जागी शोधलं होतं. आणि बांधणी इतकी नेटकी होती की बांधणाऱ्यावर कुणाचा संशयच गेला नाही.

सोमवारी त्यांनी कागद दिला. मॅडमनी मोठ्यानं वाचला: "प्रत पूर्ण आहे. बांधणाऱ्यानं पानं त्या लिपीच्या क्रमानं न लावता स्वतःच्या क्रमानं लावली. चूक माझी." खाली सही.

"मामा, नुसतं 'क्रम चुकला' लिहिलं असतं तरी चाललं असतं."

"क्रम आपोआप चुकत नाही, मॅडम. शिकंजा आहे का अजून मागे?"

शिकंजा होता, त्यावर जुने पंखे ठेवलेले. मामांनी तो पुसून घेतला. स्वतःचीच शिवण उसवायला त्यांना अख्खा दिवस लागला. दोरा इतका पक्का होता की दोनदा ब्लेड बदलावं लागलं. या वेळी व्याह्यांनी सांगितलेला सगळा क्रम त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून समोर टेकवला होता. अ, इ, उ असे लावलेले स्वरही उ, अ, इ असे फिरवावे लागले. चौथ्या दिवशी कोश फळीवर गेला. फट भरली.

चिठ्ठ्या मात्र मामांनी मॅडमना विचारून स्वतःकडे ठेवल्या. दोन नुसत्या तक्रारी आहेत. सगळ्यात जुनी, बांधणीनंतर वर्षाच्या आतली, पेन्सिलीनं लिहिलेली आहे: "स ची पानं मिळत नाहीत. मिळाल्यास कळवावे, मला एकच शब्द हवा आहे." खाली तारीख आहे, पण ना नाव, ना पत्ता. कुणी कोणतं पुस्तक मागितलं त्याच्या पावत्या ग्रंथालय पाच वर्षांनी टाकून देतं.

ती चिठ्ठी मामांच्या वहीत आहे, 'हुकम'च्या पानाशी. परवा त्यांनी व्याह्यांसाठी स पासूनचे शब्द वाचायला सुरुवात केली आणि प्रत्येक शब्दापाशी थोडे थांबू लागले.

"आता काय झालं?" व्याह्यांनी विचारलं.

"काही नाही. त्या माणसाला यातला कोणता हवा होता, हो?"