ठोंबरेकाकांचे दोन स्पेअर

"हे बघ, अगदी नवेकोरे ठेवलेत," असं म्हणत ठोंबरेकाकांनी कपाटातून तेलकट ब्राऊन पेपरात गुंडाळलेल्या दोन हार्ड डिस्क काढल्या आणि अभिमानाने माझ्यासमोर ठेवल्या. मी कपाळाला हात लावला. या दोन डिस्क सर्व्हरमध्ये असायला हव्या होत्या, त्याही चोवीस तास चालू.

मी हडपसरच्या एका कंपनीत स्टोरेज सांभाळते. कंपनीचा डेटा कुठल्या डिस्कवर राहील आणि ती डिस्क मेली तर काय करायचं, हे ठरवणं माझं काम. एकोणीस वर्षं तेच करते आहे. ऑफिसात माझं ऐकतात. ठोंबरेकाका माझ्या वडिलांचे मित्र, कारखान्याच्या टूलरूममधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. ते कोणाचंच ऐकत नाहीत.

वाघोलीच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या सर्व्हरचं स्टोरेज मीच आखून दिलं होतं. काकांना व्हर्च्युअल मशीनचा नाद लागला होता, म्हणजे एकाच यंत्रात तीन-चार स्वतंत्र कॉम्प्युटर असल्यासारखे चालवायचे. त्यातल्या एकावर शैलाकाकूंची पुस्तकं, बाकीच्यांवर काकांचे प्रयोग. काकू अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. म्हणजे करायच्या. बारा वर्षांचं काम तीन जुन्या लॅपटॉपमध्ये विखुरलेलं होतं. म्हणून तर मी एवढा व्याप केला.

चार डिस्क मागवल्या, प्रत्येकी चार टीबीच्या. त्यांच्या दोन जोड्या केल्या; प्रत्येक फाइल दोन्ही जोड्यांत अर्धी-अर्धी वाटली जाते. जोडीतल्या दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, याला मिरर म्हणतात. एक बिघडली की दुसरी काम चालू ठेवते. काकांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि भुवया चढवल्या.

"चार चोक सोळा. इथे आठच दिसतायत."

"उरलेल्या आठवर त्याचीच प्रत आहे, काका."

"म्हणजे स्पेअर. अगं, स्पेअर पार्ट मशीनमध्ये बसवून कोणी झिजवतं का? स्पेअर कपाटात ठेवतात."

"हा स्पेअर नाही. काकू आज वाचतील ते आजच दोन्हीकडे लिहिलं जायला हवं."

"तुमच्या आयटीत सगळंच उलटं."

शिवाय मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही सांगितलं. फाइल चुकून पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने जाते. म्हणून पाचवी डिस्क घ्यायची, महिन्यातून एकदा तिच्यावर कॉपी काढायची आणि ती कसब्यात काकूंच्या बहिणीकडे ठेवायची. काका एकदा ती ठेवून आले, पुढच्या महिन्यात कॉपीसाठी घरी आणली. पुन्हा गेले नाहीत. कसब्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, हे कारण.

मग आली खंडेनवमी. फोरमन माणूस, तीस वर्षं टूलरूममधली सगळी यंत्रं उघडून, पुसून त्यांची पूजा केलेली. सर्व्हरचीही केली. बंद करून उघडला, धूळ झटकली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. इथवर माझी काहीच हरकत नाही. पण झाकण उघडं सापडल्यावर त्यांनी प्रत्येक जोडीतली एकेक डिस्क काढली आणि कपाटात ठेवली. सर्व्हर परत चालू केला. तो चाललाही, एका पायावर.

सर्व्हरने तक्रार केली नाही असं नाही. रोज सकाळी एक मेल जात होता, की जोड्या मोडल्या आहेत, लक्ष द्या. जात होता काकांच्या मेलवर. काका मेल उघडत नाहीत. तो पत्ता मीच घातला होता, तेव्हा इथे मला गप्पच बसावं लागतं.

फेब्रुवारीत आत राहिलेल्या दोनपैकी एक डिस्क मेली, सर्व्हर बंद पडला आणि काकांनी मला बोलावून घेतलं.

"आता स्पेअर बसव की," काका म्हणाले.

मी बसवले. दोन्ही मिळून सर्व्हर उठला, बारा वर्षांची पुस्तकंही दिसली. काका माझ्याकडे पाहून हसले. बघितलंस, असं ते हसणं.

"काका, हे खंडेनवमीपर्यंतचं आहे. त्यानंतर या डिस्कवर एक अक्षर लिहिलेलं नाही."

ते हसायचे थांबले. खंडेनवमीनंतर काकूंनी एकच पुस्तक वाचलं होतं, राज्यशास्त्राचं, चौदा प्रकरणं. घशाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि स्वरयंत्र काढणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून रोज बसून वाचलं. आता त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पाटी घेऊन.

"मग तिचा आवाज कुठाय?" काकांनी विचारलं.

मी मेलेल्या डिस्ककडे बोट दाखवलं. तिच्याशिवाय दुसरीवरचं अर्धं वाचता येत नव्हतं. डेटा परत मिळवून देणाऱ्या माणसाकडेही ती नेली. आतल्या तबकड्यांवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही, असं त्याने सांगितलं. मला इतका संताप आला होता की रिक्षात मी एकटीच मोठ्याने बोलत होते. काकांवर, आणि त्याहून जास्त त्या मेलच्या पत्त्यावर.

काकूंना सांगितलं. त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, 'प्रज्ञा'.

प्रज्ञा ही त्यांची विद्यार्थिनी, वाघोलीतच हॉस्टेलवर राहते. तिला दिसत नाही. एप्रिलमध्ये तिची राज्यशास्त्राचीच परीक्षा होती. काकूंची एक जुनी पद्धत होती. प्रकरण वाचून झालं की ते तिला फोनवर पाठवायचं, तिने ऐकून चुका सांगायच्या. तिने एकही फाइल पुसली नव्हती. आवाज जरा दबलेला होता, पण तेरा प्रकरणं मिळाली. ज्या बॅकअपचा माझ्या आराखड्यात पत्ताच नव्हता, तेवढा एक चालू निघाला.

चौदावं प्रकरण काकूंनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वाचलं होतं. ते पाठवायचं राहून गेलं होतं.

ते काकांनी वाचलं. टूलरूममध्ये मशीनच्या आवाजावर ओरडायची सवय, तसंच वाचायला लागले. पहिलं पान संपलं की काकू पाटी वर धरायच्या. 'परत.' काका पाणी प्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. आठवडाभर हे चाललं. मी तोवर चारही जागा पुन्हा भरल्या आणि मेल माझ्या फोनवर येतील असं केलं. काका त्याही दिवशी म्हणाले, "झिजवतेयस हं." पटलं त्यांना अजूनही नाहीये.

शेवटचं पान झालं तेव्हा काकूंनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'एक प्रत कसब्यात.'

मी मिरर, बॅकअप, जोड्या करत तासन् तास जे समजावत होते ते एवढंच होतं. काकांनी पाचवी डिस्क ब्राऊन पेपरात गुंडाळली आणि गाडीला हातही न लावता बसने निघाले.