झिरकोनियाची दाढ

बाबा गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडतो, पान वाचतो, उठून अंगणात जातो आणि परत येऊन तेच पान वाचतो.

राख सावडायला गेलो तेव्हा त्यांची दाढ सापडली. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, अस्थी वेचून मडक्यात ठेवत होते. हाडं आकसलेली, बोट लागताच चुरा होणारी. दाढ मात्र जशीच्या तशी. जरा काळवंडलेली, एवढंच.

ती मी केली होती. रत्नागिरीतल्या दातांच्या एका लॅबमध्ये मी झिरकोनियाच्या, म्हणजे चिनीमातीसारख्या पण फार टणक पदार्थाच्या, कॅप बनवतो. आमची भट्टी मायक्रोवेव्हची. थंड झिरकोनिया त्या लहरी फारशा घेत नाही, म्हणून भोवती सिलिकॉन कार्बाइडचं कडं ठेवतात. आधी कडं तापतं, त्याच्या आचेने दाढ तापते आणि मग ती आतूनच तापू लागते. भाजताना ती आकसते, म्हणून कोरायचीच मोठी. कच्ची, खडूसारखी दाढ मी बाबांना दाखवली होती. त्यांनी ती उलटसुलट फिरवून विचारलं, "घोड्याची काय रे?" पुढे ती तोंडात बसवल्यावर तिच्याखाली बांगड्याची डोकी फोडून दाखवायचे.

तिचं आकसणं आमच्या भट्टीतच होऊन गेलं होतं. चितेला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हाड नाय ते," काका म्हणाले. "काढ बाजूला."

मी ती खिशात टाकली. बरंच वाटलं मला. बाबांच्या देहात तेवढंच माझ्या हातचं होतं. पण भाट्याच्या खाडीपर्यंत रिक्षात मी सारखा खिसा चाचपत होतो. ठेवायची कुठे? देव्हाऱ्यात चालणार नाही. लॅबमधल्या नमुन्यांच्या डबीत ठेवली तर उद्या ओळखूही येणार नाही.

गुडघाभर पाण्यात मडकं रितं झालं. मी वळलो, तसा काकांनी माझा दंड धरला.

"दाढ कुठाय?"

मी खिशावर हात ठेवला.

"सोड ती. दादा तिकडे मासे कशाने चावणार?"

ते हसत नव्हते. मी दाढ पाण्यात सोडली. राख अजून लाटेबरोबर मागेपुढे होत होती; दाढ सरळ तळाला गेली.

आता पुन्हा कामावर जातो. भट्टी चालू असते, आणि हात खिशाकडे जातो.