निळी कमान आणि आबांची सही

मी माझं गाव, पोशीर, सोडलं ते तांदळाच्या टेंपोतून. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझे वडील, म्हणजे आबा, नेरळजवळच्या एका भातगिरणीत कामाला होते. त्या दिवशी गिरणीचा टेंपो मुंबईला माल घेऊन निघणार होता आणि मालकाने आबांच्या शब्दाखातर मला विमानतळावर सोडायचं कबूल केलं होतं. वस्तीतल्या समाजमंदिरात त्रिशरण झालं. बायकांनी गालावरून हात फिरवले. मी ड्रायव्हरशेजारी बसले, माझी पत्र्याची ट्रंक मागे पोत्यांवर चढली. आय ओटीवरच थांबली होती. धाकटा भाऊ प्रकाश टेंपोची फळी बंद करत होता. आबा खिडकीशी आले आणि म्हणाले, “आमची काळजी करू नको गं सुमे. आमी हाय तिथंच हाय.”

त्या वाक्यावर मी पुढची सहा-सात वर्षं निर्धास्त राहिले. माझ्यासारखे जे कोणी बाहेर गेले, त्यांना हे कळेल. मागची माणसं जिथल्या तिथे, जशीच्या तशी आहेत असं धरून चाललं की पुढचं पाऊल टाकणं सोपं जातं.

आबांनी आधी त्या गिरणीत पोती वाहिली. पुढे मापावर माणूस हवा झाला तेव्हा त्यांना उभं केलं. आमच्या वस्तीतला मापावर उभा राहिलेला तो पहिला माणूस. आजोबांना कुणाच्या धान्याला हात लावायची मुभा नव्हती. आबा हे बोलून दाखवत नसत, पण पहिलं माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत असते, तो ‘लाभ’ ते जरा मोठ्याने म्हणत. मी जन्मले त्याच्या आदल्या वर्षी आमच्या घराने धम्म स्वीकारला होता. मुलीला किती शिकवायचं, असं नातेवाइकांनी विचारलं की आबा म्हणत, “ती थांबंल तवर.” मी थांबलेच नाही.

अमेरिकेत माझं विद्यापीठ वाळवंटाच्या कडेला होतं. भाताच्या खाचरांतून आलेल्या माझ्या डोळ्यांना ते कोरडं रान दोन वर्षं टोचत राहिलं. मग सवय झाली. अपार्टमेंट, लाँड्रोमॅट, व्हेंडिंग मशीनची कॉफी, कंप्युटरच्या टर्मिनलपुढे गेलेले दिवस. माझं कामही मापाचंच होतं. आकाशात शेकडो दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची विश्वं, एकत्र नांदतात, त्याला दीर्घिकांचा समूह म्हणतात. अशा समूहाचं वजन किती, हे आमचा गट शोधत होता. त्यातल्या ताऱ्यांच्या उजेडावरून काढलेलं वजन फार कमी भरायचं. तेवढ्या वजनाने ते समूह बांधलेले राहूच शकले नसते. म्हणजे न दिसणारं काहीतरी तिथे होतं, आणि पुष्कळ होतं.

पाच वर्षांनी मी पहिल्यांदा घरी आले. सोबत एका समूहाचा फोटो होता. त्यात दीर्घिकांच्या दाटीत एक लांब, निळसर कमान दिसत होती. ती काय आहे यावर आमच्याकडे वाद चालले होते. दुपारी ओटीवर आबांनी तो फोटो हातात घेतला.

“हे खरचटल्यावानी काय हाय?”

मी सांगितलं, की आमच्या प्राध्यापिकाबाईंना वाटतं, ही त्या समूहातली वस्तूच नाही. समूहाच्या फार मागे असलेल्या एका दीर्घिकेचा उजेड आहे. इकडे येताना तो या समूहाजवळून जातो, समूहाच्या ओढीने वळतो आणि आपल्याला असा ताणलेला दिसतो. जेवढं वजन जास्त, तेवढं वळण जास्त.

आबांनी फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाले, “म्हंजी हमालावानी. पोत्यात काय हाय ते दिसत नाय, पर माणूस किती वाकतो त्यावरनं मी वजन सांगतो.”

“तसंच, आबा.”

“किलो-दोन किलोचा फरक पडतो बग. जास्ती नाय.” त्यांनी फोटो परत दिला. “मग मोजून टाक. आन् किती भरलं ते मला कळव.”

वर्षभर आम्ही तयारी केली. कमान खरंच समूहाच्या मागे आहे का, हे ठरवायचं तर तिचा उजेड रंगांत फोडून त्याचा वर्णपट घ्यायला हवा होता; त्यावरून अंतर कळतं. ती इतकी पुसट होती की मोठ्या दुर्बिणीशिवाय ते होणार नव्हतं. अखेर आम्हाला दुर्बिणीच्या चार रात्री मिळाल्या. नंतरची सगळी आकडेमोड माझ्याकडे होती.

त्या रात्रींना तीन आठवडे उरले असताना घरचं निळं एरोग्राम आलं. पत्र नेहमी प्रकाश लिहायचा. तो तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात लागला होता आणि सुट्टीच्या दिवशी आबा सांगतील ते उतरवून घ्यायचा. सही मात्र आबा स्वतः करायचे, पेन्सिलीने, आणि शेवटच्या अक्षराखाली एक रेघ ओढायचे. या पत्रात सगळं क्षेमकुशल होतं. भात बरं झालंय, आय मजेत, काळजी नसावी. खाली सही होती, ती आबांची नव्हती. अक्षर प्रकाशचं होतं, शाईचं होतं, रेघ नव्हती.

मला ते लगेच दिसलं. दिसलं नाही असं मी आजवर पुष्कळांना सांगितलं, पण ते खरं नाही. ऑफिसच्या खिडकीपाशी उभी राहून मी ती सही बराच वेळ बघितली. इतक्या लांबच्या उजेडातलं बारीकसं वळण पाहून तिथे काय असेल हे ओळखायचा मला पगार मिळत होता, आणि हातातल्या कागदावरून काय ओळखायचं ते मला स्पष्ट कळलं होतं. तार करून विचारता आलं असतं. पण विचारलं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं तर जावं लागलं असतं. मी पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. मनाशी म्हटलं, या चार रात्री होऊ देत.

चारही रात्री आकाश निरभ्र मिळालं. वर्णपट मिळाला. कमान समूहाच्या खूप मागे होती, जवळजवळ दुप्पट अंतरावर. बाईंनी मला मिठी मारली. मी तशीच कंप्युटरपाशी बसले. पहिला ढोबळ आकडा निघाला तो सगळ्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट होता. त्या आठवड्यात मी फार आनंदात होते. हेही खरंच सांगितलं पाहिजे.

मी आबांना चार पानी पत्र लिहिलं. किती भरलं ते लिहिलं. दिसणारं सगळं एका पोत्यात घातलं तर न दिसणाऱ्याने गिरणीचं अख्खं कोठार भरेल, असं लिहिलं. सहीबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर पंधरवड्याने ट्रंक कॉल आला. प्रकाश कारखान्याच्या ऑफिसातून बोलत होता. “ताय, आबा गेलं.”

“कधी?”

“नऊ दिस झालं.”

छातीत पाणी झालं होतं. तीन महिन्यांपासून ते अंथरुणावर होते. मी मिळेल ते विमान पकडलं.

घरी पोचले तेव्हा जलदानविधी होऊन गेला होता. आय भिंतीला टेकून बसली होती. तिने माझं तोंड कुरवाळलं आणि जेवायला वाढलं. विचारलं काहीच नाही. माझी बॅग आत ठेवून प्रकाश परसात गेला, तो बराच वेळ आत आला नाही. मीच त्याच्यामागे गेले. तो कुंपणाच्या काठ्या बांधत होता.

मी म्हटलं, “प्रकाश, मला कळलं होतं. सही तुझी होती ते मी ओळखलं होतं.”

त्याने मान वर केली नाही. “ठावं हाय.”

“कसं काय?”

“आबांनी मला शप्पत घातली व्हती, सुमीला कळवू नको म्हून. तिचं काम आडंल. मी शप्पत मोडली नाय. पर मला त्यांची सही येती, ताय. शाळंत परगतीपुस्तकावर मीच करायचो, तुलाबी ठावं हाय. त्या टायमाला मी मुद्दाम नाय केली तशी. पेन्सील बाजूला ठेवली. म्हटलं, हिला कळंल. ही येईल.”

त्याने सुतळीची गाठ मारली. “पत्र तुला मिळाल्यावर आबा धा-बारा दिस नाय, चांगला म्हयनाभर व्हते.”

त्याने पुढची काठी ओढून घेतली. बांधता बांधता त्याने पुढचं सांगितलं. आबा गेले त्या दिवशी तो तार करायला नेरळच्या पोस्टापर्यंत गेला आणि न करताच परत फिरला. जिने विचारलं नाही तिला आपण का सांगावं, असं त्याला वाटलं. चौथ्या दिवशी माझं पत्र आलं. चार पानं. तो फाडायला निघाला होता. आय म्हणाली, “वाच रं. त्यांच्या नावाचं हाय, त्यांना वाचून दाखव.” मग त्याने आबांच्या फोटोपुढे बसून ती चारही पानं मोठ्याने वाचली.

“मला काय कळलं नाय त्यातलं,” प्रकाश म्हणाला. “पर सगळं वाचलं. मधी थांबलो नाय.”

मी पंधरा दिवस राहिले. आयबरोबर शेतावर गेले, भात झोडलं, हाताला फोड आले. त्याने काही भरून निघालं असं मला वाटत नाही. परतीच्या आदल्या दिवशी मी आयलाही सहीचं सांगितलं. ती निवडत असलेल्या तांदळाकडे बघत म्हणाली, “प्रकाश बोललाय मला. त्यांनीबी विचारलं व्हतं, सुमीचं काय आलं का. दोनदा विचारलं.” एवढं बोलून ती उठून चुलीकडे गेली.

आमचा शोधनिबंध छापून आला. त्यावर माझंही नाव आहे. त्या आकड्याने मला नोकरी दिली, आणि मी तिथेच राहिले. परत येता आलं असतं. पुण्यामुंबईत काम मिळालं असतं. नाही आले. वर्षाआड पोशीरला जाते. ओटी तीच आहे, ताट तिथेच मांडलं जातं. मी काय केलं ते त्या घरातल्या दोन माणसांना नीट ठाऊक आहे, आणि जगात दुसरीकडे कुठेच ते कुणाला ठाऊक नाही. तिकडच्या सभांमध्ये लोक माझी ओळख करून देतात, तेव्हा ते कुणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलतायत असं वाटतं. ओटीवर बसले की मी मीच असते. घर म्हणजे आता माझ्यासाठी हेच उरलंय, आणि ते सोपं नाही.

प्रकाश अजून पत्रं लिहितो, पण आता क्षेमकुशल लिहीत नाही. आयचा गुडघा सुजलाय, खाचराचा बांध फुटला, कारखान्यात कामगार कमी करणार असं ऐकतोय. शेवटच्या खेपेला मी निघाले तेव्हा तो म्हणाला, “तूबी जे हाय ते लिहीत जा.”

गेल्या आठवड्यात मी लिहिलं: पोचले. इथं बरं वाटत नाही. आयच्या गुडघ्याचं काय झालं?